खूण पोचते का, एवढंच ती विचारायची

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळची वेळ, सीवूड्सच्या आमच्या सोसायटीचा हॉल. हजर: रोहिणीचा धाकटा भाऊ सुधीर, पुण्याहून आलेला. जवळच्या दिवाळे गावातल्या हिराबाई, आमच्या बिल्डिंगला मासळी घालणाऱ्या. आमच्या भागाला इंटरनेटची लाइन देणारे जितेंद्र भोईर. ते खुर्ची दिली तरी दाराशीच उभे राहिले. सोसायटीतली जमतील तेवढी माणसं. आणि मी, मंगल, सोसायटीची सेक्रेटरी. सभेला कोण आलं ते आधी लिहून घ्यायची मला सवय आहे. शोकसभेतही हात तसाच चालला. एरवी हजेरीनंतर विषय येतात, मग ठराव. त्या दिवशी विषय एकच होता, रोहिणी.

रोहिणी गेल्याचं मला सुधीरनेच कळवलं होतं. डिसेंबर संपत आला होता. मी पाण्याच्या टँकरवाल्याशी फोनवर घासाघीस करत होते, मधेच त्याचा फोन आला. "मंगलताई, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "दोन मिनिटांत करते तुला." आणि परत टँकरवाल्याशी बोलून दुपारची वेळ पक्की केली. असं का केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. काम संपलं, मग गॅलरीत जाऊन खाली बसले… वरच्या मजल्यावरची तिची खिडकी माझ्या गॅलरीतून मान वर केली की दिसते. मी मान वर केली नाही.

ती नेटवर्क इंजिनिअर होती. एका संशोधन संस्थेसाठी घरूनच काम करायची. एकटी राहायची आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की तिला हसू यायचं. सोसायटीत ती आली तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, ही बाई दिवसभर घरात करते काय? सेक्रेटरी या नात्याने तो विचारायची जबाबदारी माझ्यावर आली. मी गेले, तिने चहा केला, आणि कपबशा बाजूला सारून टेबलावर शेंगदाणे मांडून मला सांगायला लागली.

आपण इंटरनेटवर काहीही पाठवलं, फोटो म्हणा, बोलणं म्हणा, की त्याचे बारीक तुकडे होतात. ते तुकडे वाटेतल्या एकेका यंत्रातून पुढे सरकतात. एखाद्या यंत्रात गर्दी झाली की मावत नाहीत ते तुकडे ते सरळ टाकून देतं. पाठवणाऱ्याला हे कळतं ते तुकडे हरवल्यावर. मग तो वेग कमी करतो आणि हरवलेलं पुन्हा पाठवतो. यावर एक साधी सोय फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. यंत्र भरायला लागलं की त्याने तुकडा टाकायचा नाही, नुसती त्याच्यावर खूण करायची. 'इथे गर्दी व्हायला लागलीय.' ती खूण पलीकडे पोचली की पलीकडचा उलट निरोप देतो, आणि पाठवणारा जरा हळू होतो. काही हरवत नाही.

"मग प्रश्न काय आहे?" मी विचारलं.

"वाटेतली कितीतरी यंत्रं ती खूण पुसून टाकतात. काही तर खूण दिसली की तुकडाच फेकतात. कुठे, किती, कोण, हे कुणाला नीट माहीत नाही. मी जगभरच्या सर्व्हरना खूण केलेले तुकडे पाठवते आणि बघते, खूण पोचते का. एवढंच."

"म्हणजे तू जगभर लोकांच्या बेल वाजवत फिरतेस."

"हो, आणि दार उघडलं की विचारते, चिठ्ठीवरचं सगळं वाचता आलं का. मग निघते."

लाखो दारं होती ती. आणि दार वाजलं की कुणीतरी वैतागणारच. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी कॉलेजच्या सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला दिसायचं की नवी मुंबईहून कुणीतरी आपलं दार ठोठावून गेलं. तो तक्रार करायचा. कधी सभ्यपणे, कधी शिव्या घालून. रोहिणी प्रत्येक तक्रारीला त्याच दिवशी स्वतः उत्तर लिहायची. मी कोण, हे कशासाठी करते, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफ करा, यापुढे तुमच्याकडे येणार नाही. मी तिला एकदा म्हटलं, "एक ठरीव मजकूर करून ठेव की. आम्ही मेन्टेनन्सची नोटीस काढतो तसा." तिला ते पटलं नाही. "बेल मी वाजवली," ती म्हणाली, "आणि दार उघडणाऱ्याच्या हातात छापील कागद द्यायचा?"

पुन्हा जायचं नाही अशा ठिकाणांची यादी मात्र तिने मला करू दिली, कारण तिची स्वतःची यादी म्हणजे चार ठिकाणी लिहिलेला गोंधळ होता. मी ती देशाप्रमाणे लावली, तारखा घातल्या. आमची मैत्री खरी तिथे जमली. दुपारच्या वेळी मी यादी वाचायचे आणि ती एकेक पत्ता चाचणीतून काढायची. चाचणी ती मुद्दाम हळू चालवायची, पत्ते उलटेसुलटे करून, म्हणजे एकाच वाटेवर सगळे तुकडे एकदम जायला नकोत. "गर्दी मोजायला जाऊन आपणच गर्दी करायची म्हणजे कहर," म्हणायची.

तिच्या हातून झालेली एक मोठी चूक ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, म्हणून मीही सांगते. पहिली मोठी चाचणी तिने घरातूनच केली. निकाल आला तो असा, की जवळजवळ सगळं जगच खूण पुसतंय. तिने तो उत्साहाने परदेशातल्या सहकाऱ्यांना कळवला. एकेकाची उत्तरं यायला लागली, की अहो, आमच्याकडे तर खूण व्यवस्थित पोचते. ती दोन दिवस माझ्याशीही धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सामान उचलून संस्थेच्या ऑफिसात गेली, तिथल्या लाइनवरून तीच चाचणी लावली, आणि संध्याकाळी माझ्या दारात उभी.

"सेक्रेटरीणबाई, गच्चीची किल्ली."

"कशाला?"

"जगातली सगळी खूण आपल्या गच्चीवर पुसली जातेय."

आम्ही भोईरांना बोलावलं. पाण्याच्या टाकीशेजारी त्यांचं यंत्र लावलेलं होतं, पत्र्याच्या पेटीत. रोहिणीने आपला लॅपटॉप टाकीच्या कट्ट्यावर ठेवून त्यांना दाखवलं, ही बघा सेटिंग, इथे खूण पुसा असं सांगून ठेवलंय.

"ही सेटिंग माझी नाय, मॅडम," भोईर म्हणाले. "माझ्या आधीच्या माणसानं केलीय."

"कशासाठी?"

"सेफ्टी."

"कशापासून सेफ्टी?"

भोईरांनी जरा विचार केला. "ते त्यानं नाय सांगितलं."

रोहिणी तिथेच कट्ट्यावर बसून हसायला लागली. इतकी हसली की भोईरही हसले, काय चाललंय ते न कळता मीही हसले. मग खाली जाऊन तिने प्रत्येक सहकाऱ्याला वेगळं पत्र लिहिलं, की दोष जगाचा नव्हता, माझ्याच इमारतीचा होता. त्या दिवसापासून कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी ती आधी आपल्याच लाइनची परीक्षा घ्यायची. घाई असली तरी, आणि पुढे बरं नसायचं तेव्हाही.

बरं नसण्याची सुरुवात गेल्या पावसाळ्यानंतर झाली. पोटदुखी, मग तपासण्या, मग डॉक्टरांचं ते हळू आवाजातलं बोलणं. उपचार सुरू झाले. मी वेळापत्रक करून तिच्या फ्रिजवर लावलं, कधी कुठली गोळी, कधी कोण बरोबर जाणार. ती ते पाळायची. एकदा म्हणाली, "माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीटनेटकं काम हेच, आणि तेही तुझं."

हिराबाईंचं प्रकरण याच दिवसांतलं. आठवड्यातून दोनदा त्या टोपली घेऊन येतात, पहिली हाक रोहिणीच्या दारात. त्यांची मुलगी सोनल परदेशात नर्स आहे, लग्नही तिकडेच झालं. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, पण माहेरी येणं जमणार नव्हतं. रजा नव्हती आणि डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला होता. हिराबाईंचाही पासपोर्ट नव्हता. उरला व्हिडिओ कॉल. तो दोघींना जमायचा एकाच वेळी, संध्याकाळी, आणि नेमक्या त्याच वेळी अख्खं दिवाळे घरी येऊन फोनला लागलेलं असायचं.

"रोहिनीबाय, तू इंटरनेटची हायस ना?" टोपली खाली ठेवत त्या म्हणाल्या. मी तिथेच होते. "मंग मना सांग, माजी पोर मधीच थांबते का?"

"थांबते म्हणजे?"

"बोलते, बोलते, नं तोंड उगडा ठेवून बसते. मी म्हनते, सोनल, काय झाला? तर काय नाय. मंग एकदम पुडचाच बोलते."

"लाइन भरते संध्याकाळी, म्हणून होतं."

"ता मना नको सांगू. पोर झाल्यावर त्याला पायांवर घेऊन न्हाऊ कोन घालनार? तिकडं तिला ना सासू, ना कोन. मी हिकडं बाहुली घेऊन बसनार नं तिला दाखवनार, मान कशी धरायची, पानी कसा सोडायचा. ता मधीच थांबला नं तिनं पोराला भलताच धरला तर?"

मला हसू आलं होतं. रोहिणीला नाही. तिने हिराबाईंना आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. कॉल कधी लागतो, कधी अडतो, आधी चित्र जातं की आवाज. हिराबाईंना सगळं पाठ होतं.

दोन उपचारांच्या मधल्या आठवड्यात ती दिवाळ्याला गेली. मी बरोबर गेले, कारण तिला एकटीला सोडायचं नाही असं ठरलं होतं. ओटीवर बोंबील वाळत होते, आत टीव्हीशेजारी तिने आपलं चाचणीचं तळहाताएवढं यंत्र लावलं. आधी आपल्या लाइनची परीक्षा. मग चाचणी. संध्याकाळभर आम्ही तिथे बसलो. निकाल साधा होता. जेट्टीजवळच्या खांबावर भोईरांचंच एक जुनं यंत्र होतं. भरलं की तुकडे टाकून द्यायचं, खूण करायचं त्याला ठाऊकच नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी केलेली खूण आली तर तीही पुसायचं.

"ते बदललं की थांबनार नाय?" हिराबाईंनी विचारलं.

"बदललं की मी परत येऊन मोजेन. मग सांगते."

"आता हो म्हन ना. म्हनायला काय जाते?"

रोहिणी हो म्हणाली नाही. जेवून निघालो तेव्हा हिराबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुजी मैतरीन लय चिकट. एक हो देववत नाय तिला." मी हे तिला रिक्षात सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईने माझ्या 'हो'वर नातवाला पायांवर घ्यायचं ठरवलंय, मंगल. चुकलेलं उत्तर मी एकदा सगळ्या जगाला दिलेलं आहे. ते जगाला परवडलं."

भोईर काही लगेच हलले नाहीत. "मॅडम, चालतंय ना सगळं? मग हात कशाला लावायचा? लाइन बंद केली तर गाव माझ्या घरी येईल." रोहिणी त्यांना दर दोन-चार दिवसांनी फोन करायची. तिचा आवाज बारीक होत गेला तसं ते काम माझ्याकडे आलं. मी चिकाटीने फोन करते, हे सोसायटीतले थकबाकीदार सांगतील.

तिला शेवटचं भेटले ती हॉस्पिटलात, दुपारी. मऊ भात नेला होता, तिने दोन घास खाल्ले. तब्येतीचं मी विचारायच्या आत तिनेच विचारलं, "भोईरांनी बदललं?"

"येत्या आठवड्यात म्हणतात."

"मग तू शिकून घे."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"गच्चीची किल्ली कुठे आहे ते तुला कळतं. पुष्कळ झालं."

आणि खरंच, सलाइनचा हात पांघरुणावर ठेवून तिने मला शिकवलं. यंत्र कुठे जोडायचं. आधी आपली लाइन, मग चाचणी. पडद्यावर दोन रकाने येतात, किती खुणा पाठवल्या आणि किती पोचल्या. शेजारी तुकडे पोचायला लागणारा वेळ दिसतो, तो फार चढता कामा नये. मी लिहून घेत होते, ती मधूनच डोळे मिटायची, मी थांबायचे. "संध्याकाळीच कर," ती म्हणाली. "दुपारी सगळंच बरं दिसतं." नर्स आली, मला उठावं लागलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, तसं मी आधी कधी केलं नव्हतं. तिने डोळे न उघडता म्हटलं, "हिराबाईंना हो म्हणायचं राहिलंय."

शोकसभा संपल्यावर भोईर दाराशीच थांबले होते. खुर्च्या रचून होईपर्यंत थांबले. मग जवळ येऊन म्हणाले, "ताई, दिवाळ्याचा बॉक्स बदलला काल. नवीन टाकलाय. खुणेची सेटिंग मॅडमनी लिहून दिलेली तशीच केलीय."

"गावाने आरडाओरडा केला असेल."

"शिव्या घातल्या. मी बोललो, मयताचं काम हाय, गप बसा. मग कोण नाय बोललं." एक रचलेली खुर्ची सारखी करत म्हणाले, "जरा आधी करायला पायजे होतं."

मी हॉलला कुलूप लावलं.

सुधीरने घर आवरताना रोहिणीचं ते चाचणीचं यंत्र माझ्याकडे आणून दिलं. आधी मी आमच्याच घरी चार वेळा जोडून पाहिलं. मग गेल्या गुरुवारी संध्याकाळी दिवाळ्याला गेले. हिराबाईंनी बाहुली दाखवली, जत्रेतून आणलेली, कापडात गुंडाळलेली. सोनलला मुलगी झाली आहे, दोघी सुखरूप आहेत. अजून बाळाला नुसतं पुसून घेतात. नाळ पडली की पायांवर घेऊन पहिली आंघोळ, असं मायलेकींचं ठरलंय. मी यंत्र जोडलं, आपली लाइन तपासली, चाचणी लावली. दोन्ही रकाने जुळले. वेळही चढला नाही. हिराबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"झाला ना? हो ना?"

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बाहेर बँड वाजतोय. गल्लीत कुणाची तरी हळद होती आणि सगळं गाव मांडवात होतं. घराघरांतले टीव्ही बंद, फोन खिशात. खांबावरच्या त्या नव्या यंत्राला त्या संध्याकाळी गर्दी कशी ती दिसलीच नव्हती. रोहिणीने तो निकाल धरला नसता.

"अजून नाही," मी म्हटलं. "आज लाइन रिकामी आहे. परत येते."

हिराबाईंनी बाहुली मांडीवर घेतली, तिची मान सारखी केली. "तू पन तिच्यासारखीच चिकट निंगालीस," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. जाताना पिशवीत बळेच सुके बोंबील घातले आणि सांगितलं, मंगळवारी गावात काही नाही, सगळी घरीच असतात.

आज सकाळी त्यांचा फोन आला. सोनलने कळवलंय, नाळ पडली. आंघोळ बुधवारी संध्याकाळी. तेव्हा उद्या, मंगळवारी, दिवे लागायच्या वेळी मी दिवाळ्याला जाईन, यंत्र टीव्हीशेजारी जोडेन, आधी आपली लाइन तपासेन, आणि गाव फोनला लागेपर्यंत ओटीवर बसून राहीन. हे लिहिते आहे तोवर हिराबाईंना हो म्हणायचं राहिलेलं आहे.